औंध, पण पुण्यातलं नव्हे

मुलुंडमध्ये नवीन कुणाशी ओळख झाली की तिसरा-चौथा प्रश्न ठरलेला असतो. "मूळचे कुठले तुम्ही?" मी सांगते, "औंध संस्थानातले." त्यावर समोरचा माणूस खूश होऊन म्हणतो, "अरे वा! माझी मावसबहीण औंधलाच असते. परिहार चौकात."

मग मला सांगावं लागतं, की हे ते औंध नव्हे. आमचं औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. आणि खरं म्हणजे आम्ही त्या औंधचेही नाही. आमचं गाव तिथून पुष्कळ लांब, आटपाडी महालात, दुष्काळी माणदेशात. पण राज्य औंधकरांचं. इथपर्यंत येईतो समोरच्याचा रस संपलेला असतो. असो.

आज हे लिहायला बसण्याचं कारण आमचे धाकटे काका. गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी औंधच्या संग्रहालयाचा एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आपला राजा." त्यावर काकांचं उत्तर आलं, "राजाने गांधीबाबांचं ऐकून राज्य वाटून टाकलं आणि नऊ वर्षांनी त्याच गांधीबाबांच्या नावाने आपलं घर जाळलं. काय मिळालं?" त्यानंतर गटावर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकलं.

तर काका, हे तुमच्यासाठी. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं, जरा लांबलंय.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, शेवटच्या दोन-तीन वर्षांपर्यंत रोज सकाळी पंचवीस सूर्यनमस्कार घालायचे. मिठागर रस्त्यावरच्या आमच्या जुन्या घराची गॅलरी इतकी अरुंद, की ते तिरके घालावे लागत. एका टोकाला तुळशीची कुंडी, दुसऱ्या टोकाला आबांचे पाय. आम्ही पोरं हसायचो. आबा मंत्र न चुकवता म्हणायचे आणि शेवटी घाम पुसत सांगायचे, "आमच्या राजाने शिकवलेत. फुकट जायचे नाहीत."

लहानपणी मला वाटायचं, राजा म्हणजे मुकुट घातलेला आणि हत्तीवर बसलेला. तो नमस्कार कशाला शिकवेल? पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की आबा शब्दशः खरं सांगत होते.

औंधचे राजे म्हणजे पंतप्रतिनिधी. 'प्रतिनिधी' हे पद राजाराम महाराज जिंजीला असतानाच्या धामधुमीत निर्माण झालं. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. पुढे ते पद किन्हईच्या कुलकर्णी घराण्यातल्या परशुराम त्रिंबक यांच्याकडे आलं आणि त्यांच्या वंशात राहिलं. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या गैरहजेरीत त्यांच्या जागी उभा राहणारा माणूस. मानाने हे पद पेशव्यांच्याही वरचं. शाहू महाराजांच्या काळात मात्र पेशवे पराक्रमाने पुढे निघून गेले आणि प्रतिनिधींकडे मान उरला, सत्ता आटत गेली. उत्तर पेशवाईत तर परशुराम श्रीनिवास या प्रतिनिधींना बापू गोखल्यांनी कैदेत टाकलं. त्यांच्यासाठी वासोट्यावर ताई तेलीण लढली, ती गोष्ट साताऱ्याकडे अजून सांगतात. पुढे इंग्रज आले, सातारचं राज्य खालसा झालं आणि प्रतिनिधींची जहागीर थेट इंग्रजांच्या देखरेखीखालचं संस्थान बनली.

संस्थान तरी केवढं? पाचशे चौरस मैलांच्या आसपास. बहात्तर गावं, आणि तीही सलग नाहीत. नकाशावर शाईचे थेंब झटकावेत तशी. काही औंधभोवती, काही किन्हईकडे, काही आटपाडीला, काही कुंडलला आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. मधे सगळा इंग्रजी मुलूख नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी संस्थान. तोफांची सलामीसुद्धा नसलेलं राज्य. बडोदा-ग्वाल्हेर सोडाच, शेजारच्या सांगलीपुढेही औंध किरकोळच.

या किरकोळ राज्याच्या गादीवर १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. जन्म १८६८चा, म्हणजे तेव्हा वय एक्केचाळीस. डेक्कन कॉलेजातून बी. ए. झालेले. आधी ते युरोपातल्या सँडो या पहिलवानाच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे मिरजकरांच्या सांगण्यावरून नमस्कारांकडे वळले आणि मग सगळ्या संस्थानालाच नमस्कार घालायला लावले. शाळेत मुलांना, मुलींना, शिक्षकांना. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली. आज जगभर योगाच्या वर्गात जो सूर्यनमस्कार घालतात, त्याच्या प्रसारात या माणसाचा मोठा हात आहे. आबांची तिरकी गॅलरी त्यातलीच एक शाखा म्हणायची!

बाळासाहेबांना नुसता व्यायामाचा नाद नव्हता. ते स्वतः चित्रं काढत. चित्ररामायण त्यांनी स्वतः रंगवलं. देवळात उभे राहून कीर्तन करत. १९१८ साली भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं प्रचंड काम सुरू झालं, त्यासाठी एक लाख रुपये देण्याचं वचन त्यांनी दिलं. ते काम १९६६ पर्यंत चाललं. बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर जागा दिली, तीच किर्लोस्करवाडी. पंडित सातवळेकर औंधला येऊन राहिले आणि तीसेक वर्षं तिथूनच त्यांनी वेदांचं काम केलं. संग्रहालय उभं राहिलं १९३८ साली. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं दगडी शिल्पही आहे. माणदेशाच्या उंबरठ्यावरच्या एका टेकडीवर हेन्री मूर! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाटी दोनदा वाचली.

पण चित्रं जमवणारे, गवई पोसणारे, विद्वानांना आश्रय देणारे राजे आपल्याकडे पुष्कळ झाले. औंधची खरी गोष्ट १९३८ पासून सुरू होते.

बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ साली परत आले. तिकडे बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात मॉरिस फ्रीडमन नावाचे इंजिनियर होते. पोलंडचे ज्यू, पण भगव्या कपड्यांत वावरणारे आणि गांधीजींचे भक्त. ते औंधच्या वर्तुळात आले. नोव्हेंबर १९३८ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या टप्प्यावर, राजाने जाहीर केलं, की राज्याचा कारभार मी प्रजेच्या हाती देतो. मंडळी सेवाग्रामला गेली, गांधीजींनी घटनेचा आराखडा समजावून दिला आणि २१ जानेवारी १९३९ला औंधची घटना अमलात आली.

घटना कागदावर साधी होती. प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडायचे. गावांच्या पंचायतींमधून तालुक्याची सभा आणि तालुक्यांमधून संस्थानचं विधिमंडळ. म्हणजे सत्ता खालून वर जाणार. महसुलाचा मोठा वाटा खालीच खर्च व्हायचा, तंटे गावातच सुटायचे. राजाने साधेपणाने राहायचं. अप्पासाहेब पंतप्रधान झाले. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षं होती.

काका म्हणतील, त्यात उपकार कसले? संस्थानांतून प्रजा परिषदांच्या चळवळी पेटल्या होत्या, राजकोटला सत्याग्रह चालू होता, आज ना उद्या राज्य जाणारच होतं. खरं आहे. पण 'आज ना उद्या' हे पाचशेहून जास्त संस्थानिकांना दिसत होतं. त्यांतल्या बहुतेकांनी 'उद्या'ची वाट पाहिली. औंधकरांनी 'आज' निवडला. एवढाच फरक, पण थोडा नाही.

या घटनेत एक कलम होतं, ते आमच्या घरात शिरलं. मत द्यायचं तर लिहितावाचता यायला हवं. ही अट गांधीजींनीच सुचवलेली. त्यांचं म्हणणं असं, की एवढ्याशा राज्यात मनावर घेतलं तर निरक्षरता थोड्या दिवसांत घालवता येईल.

आमची पणजी, आबांची आई, तेव्हा पस्तिशीची असेल. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पणजोबा कुलकर्णी, घरात दप्तर, कागदांचे रुमाल आणि बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नाही! आबा तेरा वर्षांचे होते. शाळेत मास्तरांनी सांगितलं, घरी जाऊन आईबापांना शिकवा. आबांनी आपली पाटी आईपुढे ठेवली. रात्रीची भांडी झाली की कंदिलाशी ती ग-म-भ-न गिरवायची. आबा सांगायचे, "मी तिला एकदा चुकली म्हणून छडी दाखवली. तिने छडी काढून घेतली, मला एक दिली आणि पुन्हा पाटी पुढे ओढली."

ती वाचायला शिकली. गावच्या पंचायतीला तिने मत दिलं. पणजोबांनी सांगितलं त्याला दिलं की दुसऱ्याला, हे तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आबांचा अंदाज होता, दुसऱ्याला.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं फुशारकीने सांगत आले. मग एकदा महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयातून शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' घरी आणलं. खरात आटपाडीचे, म्हणजे आमच्याच महालातले. आबांहून थोडे मोठे, पण ऊन तेच आणि दुष्काळही तोच. त्यांचे वडील गावचे तराळ, महारकी करणारे. गावाची, सरकारची हाक आली की धावायचं आणि भाकरीसाठी दारोदार जायचं. ते पुस्तक वाचताना मला आमच्या घरातला कंदील आठवत राहिला. पणजीच्या घरात पाटी होती, पेन्सिल होती, शिकवायला मुलगा होता, रात्री बसायला कोपरा होता. वेशीबाहेरच्या ज्या बाईकडे यांतलं काहीच नव्हतं, तिला त्याच कलमाने काय दिलं? आमच्यासाठी ती अट पायरी झाली. दुसऱ्या कुणासाठी भिंत झाली असणार. अकरा वर्षांनी देशाची घटना आली, तिने ही अट ठेवली नाही. बरंच केलं.

हेही सांगायला हवं, की त्याच फाटक्या राज्यातून १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद राजाकडे आलं आणि पुढे राजाच्या प्रजेकडेही. ग. दि. माडगूळकर १९७३ला यवतमाळला, व्यंकटेश माडगूळकर १९८३ला अंबाजोगाईला आणि शंकरराव खरात १९८४ला जळगावला. राजा, कुलकर्ण्यांची दोन मुलं आणि तराळाचा मुलगा. एवढ्याशा संस्थानाचे चार अध्यक्ष!

फ्रीडमन यांच्याच डोक्यातून निघालेली आणखी एक गोष्ट म्हणजे आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. १९३९ साली वसवलेली, भिंती नसलेली कैद्यांची वसाहत. शिक्षा झालेली माणसं तिथे शेती करतात, बायकामुलांसह राहतात. ती वसाहत आजही चालू आहे. गदिमांनी लिहिलेला आणि शांतारामबापूंनी १९५७ साली काढलेला 'दो आँखें बारह हाथ' त्यातूनच सुचला. आम्ही दोन वर्षांपूर्वी गाडी घेऊन तिथून गेलो. तुरुंग कधी मागे गेला ते कळलंच नाही, कारण दिसण्यासारखी भिंतच नव्हती. नवरा म्हणाला, "मुलुंडच्या आपल्या सोसायटीला यापेक्षा जास्त कुंपण आहे."

शाईच्या थेंबांसारखा तो नकाशाही बेचाळीसनंतर कामाला आला. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्यात उभं राहिलं, त्याचं एक मोठं केंद्र कुंडल. जी. डी. बापू लाड तिथलेच. कुंडल औंधचं, आजूबाजूचा मुलूख इंग्रजांचा. पोलीस मागे लागले की भूमिगत मंडळी संस्थानच्या हद्दीत शिरत. शेतातला एक बांध ओलांडला की राज्य बदललं! आणि त्या राज्याचा कारभार पाहणाऱ्यांची सहानुभूती कुणाकडे होती, ते काही लपलेलं नव्हतं.

आणि मग ३० जानेवारी १९४८.

इथे आबा गप्प व्हायचे. जे थोडं कळलं ते पणजीकडून आत्याला आणि आत्याकडून मला. गांधीजींना मारणारा ब्राह्मण निघाला, पाठोपाठ सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं पेटली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही झळ लागली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' त्याच दिवसांवरची. आमचं घर दुपारी जळलं. कुलकर्ण्यांचं दप्तर, रुमाल, माळवद, सगळं. पणजीने दोन लहान मुलांना घेऊन मागच्या दाराने शेजारचं घर गाठलं. मराठ्यांचं घर. त्या माउलीने त्यांना रात्रभर कणगीमागे ठेवलं आणि दारात स्वतः बसून राहिली. घर जाळायला आलेल्यांत ओळखीचे चेहरे होते का? पणजीने त्याचंही उत्तर कधी दिलं नाही. मात्र कणगीची गोष्ट ती प्रत्येक वेळी सांगायची.

औंधचं स्वराज्य ८ मार्च १९४८ला संपलं. दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. आमचं घर आणि आमचं संस्थान यांच्या जाण्यात पाच आठवड्यांचंही अंतर नाही. त्यानंतर आबा बाविसाव्या वर्षी मुंबईत आले. आधी दादरला चाळीत एका खोलीत सात माणसं, मग साठीच्या दशकात मुलुंड. बाळासाहेब १९५१ साली गेले. अप्पासाहेब पुढे भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी फिरले. फ्रीडमनही अखेर मुंबईतच आले. खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं त्यांनी इंग्रजीत नेली आणि १९७६ साली ते इथेच वारले. पणजोबांचं दप्तर आणि फ्रीडमनची घटना, दोन्ही कागदच. एक जळलं, एक रद्द झालं.

म्हणजे काकांचा प्रश्न तसाच राहिला. काय मिळालं?

मला दिसतं ते सांगते. जानेवारी १९५२, दादरचं मतदान केंद्र. पणजी नऊवारी नेसून रांगेत उभी. सवयीने घरून नीट तयारी करून आलेली. आत गेली, नाव सांगितलं, बोटाला शाई लागली, कागद हातात आला, पेटीत टाकला, बाहेर आली. आबांनी विचारलं, "झालं?" तर ती जरा फुरंगटून म्हणाली, "वाचता येतं का, हे विचारलंसुद्धा नाही कुणी!"

तिला वाईट वाटलं होतं. तेरा वर्षांपूर्वी कंदिलाशी बसून तिने जे कमावलं, त्याची इथे कुणी दखलच घेतली नाही. तिच्या मागे उभ्या असलेल्या कित्येक बायका आयुष्यात पहिल्यांदाच मत देत होत्या. ही बाई मात्र अनुभवी मतदार होती! घर जळालं होतं, गाव सुटलं होतं, पण मत हे आपलं आहे, ते द्यायला जायचं असतं, हे तिच्या अंगात मुरलं होतं. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला ती सकाळी सातला केंद्रावर हजर असायची. शेवटच्या वेळी आबांनी तिला खुर्चीत बसवून नेलं.

काका, राजाने घर वाचवायचं वचन दिलं नव्हतं. ते त्याच्या हातातही उरलं नव्हतं. त्याने एवढंच केलं, की जे जाणारच होतं ते गुपचूप हातातून निसटू देण्याऐवजी समोरच्याच्या हातात ठेवलं आणि घ्यायला शिकवलं. ज्यांच्यापर्यंत पाटी पोचली ते शिकले. ज्यांच्यापर्यंत पोचली नाही, त्यांचं देणं राहिलं. नऊ वर्षांत बहात्तर गावांची माणसं देव झाली नाहीत. काहींनी घरं पेटवली, एकीने कणगीमागे जागा दिली. पंचायत दोघींच्याही गावात होती.

आता आपल्याकडे बघू. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ एवढ्या मोठ्या शहराला एकही नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाकडे. मुलुंडमध्ये मी त्या काळात खड्ड्यांबद्दल बोलणारे शेकडो लोक ऐकले, स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांबद्दल ऐकले. "आपली निवडणूक कुठे गेली?" असं विचारणारे किती भेटले? मीसुद्धा विचारलं नाही. पणजी असती तर सकाळी सातला नऊवारी नेसून दाराशी उभी राहिली असती आणि म्हणाली असती, "केंद्र कुठाय?"

प्रतिनिधी या शब्दाचा अर्थ आधी छत्रपतींच्या जागी उभा राहणारा. अडीचशे वर्षांनी त्याच घराण्यातल्या एका माणसाने तो अर्थ उलटा केला आणि प्रजेने आपले प्रतिनिधी निवडावेत म्हणून स्वतः बाजूला झाला. आज आपण तोच शब्द नगरसेवकाला, आमदाराला लावतो आणि लावताना बहुतेक वेळा तोंड वाकडं करतो.

असो. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा औंधला जाणार आहोत. यमाईच्या डोंगरावर, संग्रहालयात, मग खाली आटपाडीकडे. गाडीत एक जागा मोकळी आहे. काका, तुम्ही १९४८ नंतर, म्हणजे जन्मल्यापासून एकदाही गावाकडे पाऊल टाकलेलं नाही. कणगीवाल्या घरातली नातसून अजून तिथेच राहते. मागच्या वेळी तिने चहा दिला आणि विचारलं, "तुमच्यातलं आणखी कुणी येत कसं नाही?"

मी तिला सांगितलंय, विचारून बघते म्हणून.